दुसऱ्या कचेरीतला नियम

२०२३च्या डिसेंबरात आमच्या घरी सोशल सिक्युरिटीची दोन पत्रं आली. एक माझ्या नावाचं, एक पत्नीच्या नावाचं. दिवाळीच्या फराळाचे डबे घासून बेसमेंटच्या फळीवर परत गेले होते, बाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि सरकारी पाकीट पाहिल्यावर या वयातही पोटात जे व्हायचं ते झालं. पत्राचा मथितार्थ असा, की नव्या वर्षापासून मेडिकेअरच्या पार्ट बीसाठी आमच्याकडून दरमहा माणशी ३४९ डॉलर ४० सेंट कापले जातील. तोवर आम्ही १६४ डॉलर ९० सेंट देत होतो. औषधांच्या विम्यावरची भर वेगळी.

पत्नीने विचारलं, "आपण असं काय केलं?"

मी आयुष्यभर इथल्या विद्यापीठात ऑपरेशन्स रिसर्च हा विषय शिकवला. साधनं मोजकी, नियम भरमसाट, त्यातून त्यातल्या त्यात चांगली योजना कशी काढायची, याचं हे शास्त्र. त्या दिवशी माझ्याकडे बायकोच्या साध्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते शोधायला दोन संध्याकाळी लागल्या.

झालं होतं ते असं. २०२२ साली वडिलांचं कोथरूडचं घर आम्ही दोघा भावांनी विकलं. अमेरिकन नागरिकाचं जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, तेव्हा माझ्या वाट्याचा नफा दाखवला. भारतात भरलेल्या कराची वजावट घेतली. हे सगळं मी कर भरायच्या एका सॉफ्टवेअरवर केलं, आणि त्याने ते चोख करून दिलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नातीच्या कॉलेजला हातभार म्हणून निवृत्तीच्या खात्यातून जादा ५,००० डॉलर काढायचे होते. सॉफ्टवेअरमध्ये एक मदतनीस असतो, प्रश्न टाइप केला की उत्तर देणारा. त्याला विचारलं, हे पैसे यंदा काढू की पुढच्या वर्षी? तो म्हणाला, तुमच्या कराच्या टप्प्यात काही फरक पडत नाही. मी काढले.

उत्तर खरं होतं. कराच्या टप्प्यात फरक पडला नाही. फरक पडला तो मेडिकेअरमध्ये. २०२४चा हप्ता २०२२च्या रिटर्नवरून ठरतो, दोन वर्षं मागे जाऊन. जोडप्याचं उत्पन्न २,०६,००० डॉलरच्या आत असेल तर माणशी १७४ डॉलर ७० सेंट. त्यापुढे २,५८,०००पर्यंत २४४ डॉलर ६० सेंट. त्यापुढे ३४९ डॉलर ४० सेंट. हा उतार नाही, कडा आहे. रेषेपलीकडे एक डॉलर गेला तरी संपूर्ण वर्षाचा हप्ता वरच्या पायरीचा. आम्ही २,५८,०००च्या पलीकडे सुमारे ६०० डॉलर गेलो होतो. म्हणजे ते ५,००० काढले नसते तर एक पायरी खाली राहिलो असतो. दोघांचा वर्षाचा फरक २,५१५ डॉलर २० सेंट. नातीला दिलेल्या पाच हजारांवर अडीच हजारांची दक्षिणा.

या वाढीव हप्त्याविरुद्ध दाद मागायला एक फॉर्म आहे, एसएसए-४४. जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी सुटणं, अशी काही ठरावीक कारणं त्यात आहेत. स्वखुशीने घर विकणं त्यात बसत नाही. फोनवरच्या बाईंनी ते फार सौजन्याने सांगितलं.

आता कुणी म्हणेल, प्रोफेसरसाहेब, अडीच हजार डॉलरसाठी दिवाळी अंकाची चार पानं? मुद्दा रकमेचा नाही. ती दिली आणि विसरलो. मुद्दा असा, की माझ्या मदतनिसाने मला खरं सांगितलं आणि तरीही मी फसलो. तो खोटं बोलला असता तर हा लेख सोपा झाला असता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या रेषा दरवर्षी महागाईप्रमाणे सरकतात. २०२४ची नेमकी रेषा २०२२च्या डिसेंबरात कुणालाच ठाऊक नव्हती, कारण ती जाहीर झाली २०२३च्या शरद ऋतूत. तेव्हा मदतनिसाने मला अचूक आकडा सांगायला हवा होता, असं माझं म्हणणं नाही. "या आकड्याकडे आणखी एक कचेरी बघते, दोन वर्षांनी" एवढं वाक्य पुरलं असतं. पण मी विचारलं होतं कराबद्दल, आणि तो करापुरतं बोलला. सरकारी कचेरीत खिडकी क्रमांक तीनवरचा कारकून जसं खिडकी क्रमांक सातबद्दल अवाक्षर काढत नाही, तसं.

नियमांच्या जंगलात वाट दाखवणारी यंत्रं ही काही कालपरवाची गोष्ट नाही. १९८६ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी ब्रिटिश नागरिकत्वाचा १९८१चा कायदा संगणकाला समजेल अशा तर्कवाक्यांत लिहून दाखवला. अमुक तारखेनंतर जन्म, आईवडिलांपैकी एक नागरिक, तर मूल नागरिक, अशी साखळी. आमच्या विषयात त्या निबंधाचं मोठं नाव झालं. कायद्याचा बराचसा भाग खरोखरच असा मांडता येतो. पण त्याच कायद्यात नागरिकत्व हवं असलेल्या माणसाचं "चारित्र्य चांगलं" असावं अशीही अट आहे. ते कुठल्या तर्कवाक्यात बसवणार?

त्याच्याही आधीची एक गोष्ट मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असे. लिनियर प्रोग्रॅमिंगची प्रसिद्ध रीत शोधून काढणारे जॉर्ज डान्टझिग यांनी १९५०च्या दशकात स्वतःचं वजन कमी करायला संगणकाची मदत घ्यायची ठरवली. कोणत्या पदार्थात काय पोषण, त्याचे आकडे भरले, अटी घातल्या आणि आहार मागितला. संगणकाने इतर पदार्थांबरोबर दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर सांगितलं. ते यादीतून काढलं, तर पुढच्या खेपेला सूपच्या खारट वड्या सांगितल्या, दिवसाला २००. संगणकाने एकही नियम मोडला नव्हता. माणसाने दिवसाला २०० वड्या खाऊ नयेत, हा नियम कुणी लिहिलाच नव्हता. तो सगळ्यांना माहीत होता, म्हणून लिहिला नव्हता. मग डान्टझिगनी वड्यांवर कमाल मर्यादा घातली.

वर्गात मुलं पोट धरून हसायची. मीही हसायचो. आणि मग २००९च्या सुमारास मी स्वतः एका मुलाला अशा दोनशे वड्या लिहून दिल्या.

आमच्या विद्यापीठात तेव्हा पदवीचा आराखडा करून देणारं सॉफ्टवेअर होतं. कोणते विषय झाले, कोणते राहिले, कशाच्या आधी काय घ्यावं लागतं, अमुक बदललं तर पदवी कधी मिळेल, सगळं एका पडद्यावर. अट पुरी झाली की हिरवी खूण. ते येण्याआधी आम्ही प्राध्यापक मुलांना कार्यालयात बसवून, कागदावर रकाने आखून हे करायचो. त्यात अर्धा तास जायचा आणि त्यातली वीस मिनिटं इकडच्यातिकडच्या गप्पांत. सॉफ्टवेअर आल्यावर पाच मिनिटांत काम व्हायला लागलं. मला फार आनंद झाला होता.

नाशिकहून आलेला एक मुलगा माझ्याकडे सल्ल्यासाठी नेमलेला होता. हुशार, अबोल. त्या सत्रात त्याने चार विषय घेतले होते, प्रत्येकी तीन क्रेडिट, एकूण बारा. त्यातला एक त्याला झेपेना, कारण तो त्याच्या तयारीच्या वरचा होता. त्याने सॉफ्टवेअरमध्ये तो विषय काढून पाहिला. पदवीची तारीख हलली नाही. सगळ्या खुणा हिरव्या. त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. मी हिरव्या खुणा पाहिल्या आणि सही केली.

तो विद्यार्थी व्हिसावर होता. पदवीच्या विद्यार्थ्याला तो व्हिसा टिकवायचा तर सत्राला किमान बारा क्रेडिट लागतात. तो नऊवर आला. हा नियम आमच्या विभागाचा नव्हता; तो कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला, परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत होता. सॉफ्टवेअर पदवीचे नियम पाहायचं, व्हिसाचे नाही. दुःख याचं, की विषय पातळीपेक्षा वरचा निवडला गेला असेल तर कमी क्रेडिट घ्यायची सवलत त्या नियमात होती. फक्त ती आधी मागावी लागते. आधी त्या कचेरीत जाऊन आला असता तर एका कागदाने काम झालं असतं. नंतर गेला तेव्हा उशीर झाला होता. पुन्हा दर्जा मिळवायच्या अर्जात महिने गेले, वडिलांनी काढलेल्या कर्जावरचं व्याज चालूच राहिलं, आणि शेवटी तो परत गेला. पुढे तिकडे त्याचं चांगलं झालं असं ऐकलं. माझं मन त्याने हलकं होत नाही.

कारण जुन्या पद्धतीत मी त्याला अर्धा तास बसवलं असतं. त्या वीस मिनिटांच्या निरर्थक गप्पांत "घरी कसं आहे? व्हिसाचं सगळं ठीक ना? पैसे पुरतायत ना?" हे माझ्या तोंडून सहज गेलं असतं. मराठी मुलगा समोर बसलाय म्हटल्यावर तर नक्कीच. ती वीस मिनिटं वेळेचा अपव्यय आहे असं मी समजत होतो. तोच खरा सल्ला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : मदतनीस एका कचेरीत बसतो, आपलं आयुष्य मात्र दहा कचेऱ्यांतून जातं. आणि आपल्याला चावतो तो नियम नेहमी दुसऱ्या कचेरीत असतो.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे, कारण आपल्या कचेऱ्या दोन देशांत पसरलेल्या आहेत. भारतातली बँकेची खाती घ्या. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचं विवरण द्यावं लागतं. ते आयकराच्या रिटर्नसोबत जात नाही. अर्थखात्याच्या वेगळ्या विभागाकडे वेगळं भरावं लागतं. आईसोबतच्या जोडखात्यात आपलं नाव "नुसतं असावं म्हणून" घातलेलं असतं, तेही मोजलं जातं. कर एक पैसाही देणं नसेल, तरी विवरण चुकलं तर दंड होऊ शकतो. भारतातले म्युच्युअल फंड घ्या. तिकडचा एजंट सांगतो ते तिकडे खरं असतं. इकडे त्यांना वेगळा, किचकट फॉर्म आणि वेगळा, जाचक कर. दोन्ही बाजूंचे सल्लागार बरोबर, आणि मधल्या मधे आपण चूक.

किंवा पासष्टीच्या उंबरठ्यावर नोकरी गेलेला माणूस घ्या. कंपनीचा विमा तो कोब्रा योजनेखाली स्वतःच्या पैशाने चालू ठेवतो. त्याला वाटतं, आपल्याकडे विमा आहे, पार्ट बी नंतर घेऊ. पण मेडिकेअर कोब्राला चालू नोकरीचा विमा मानत नाही. नोकरी किंवा तिच्यावरचा विमा संपल्यापासून आठ महिन्यांच्या खिडकीत अर्ज केला नाही, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि ती वाढ बहुतेकांना मेडिकेअर असेतोवर चिकटते. "मला विमा आहे का?" या प्रश्नाचं उत्तर "हो" आहे. प्रश्नच चुकीचा आहे.

आता तरुण वाचक म्हणतील, आजोबा, तुम्ही जुन्या सॉफ्टवेअरबद्दल बोलताय. हल्लीचे गप्पा मारणारे मदतनीस एका कचेरीत अडकलेले नाहीत, त्यांनी सगळंच वाचलेलं आहे. माझी नात हेच म्हणाली, आणि तिने माझाच २०२२चा प्रश्न तिच्या फोनवरच्या मदतनिसाला विचारून दाखवला. मी जसा विचारला होता, तसाच. त्याने कराबद्दल सुंदर उत्तर दिलं. मेडिकेअरचं नाव नाही. मग तिने माझं वय सांगितलं, घर विकल्याचं सांगितलं आणि विचारलं, "याचा आणखी कशाकशावर परिणाम होईल?" तर तिसऱ्याच ओळीत मेडिकेअरचा वाढीव हप्ता आला. नात माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होती. मी मान्य केलं. ती जिंकली, आणि मीही जिंकलो. माहिती त्याच्याकडे होती. ती बाहेर काढणारा प्रश्न माणसाकडे होता.

या नव्या मदतनिसांची अडचण जुन्यांच्या उलट आहे. जुना अरुंद, पण त्याच्या हद्दीत बहुधा अचूक. नवा ऐसपैस, पण त्याची जीभ कुठेच अडखळत नाही, माहीत नसलं तरी. निवृत्तीच्या खात्यातून सक्तीने पैसे काढायला कुठल्या वर्षी सुरुवात करायची, हे विचारून पाहा. हे वय आधी साडेसत्तर होतं, २०२०पासून ७२ झालं, २०२३पासून ७३, आणि २०३३मध्ये ७५ होणार आहे. जुना लेख वाचलेला मदतनीस जुनं वय तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकतो. न्यूयॉर्क शहराने २०२३मध्ये व्यावसायिकांसाठी असा एक मदतनीस सुरू केला. पुढच्या वसंतात पत्रकारांनी तपासलं, तेव्हा मालकाने नोकरांची टिप ठेवून घेतली तरी चालेल असं तो सांगत होता. कायदा नेमका उलट आहे.

आणि चुकलं तर भरणार कोण? कॅनडात एका प्रवाशाला विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या मदतनिसाने चुकीची सवलत सांगितली. २०२४ साली ब्रिटिश कोलंबियातल्या लवादाने एअर कॅनडाला भरपाई द्यायला लावली. आमचा मदतनीस स्वतःपुरता जबाबदार आहे हा कंपनीचा पवित्रा चालला नाही. बरं झालं. पण आपण स्वतःचं रिटर्न भरतो तेव्हा गोष्ट वेगळी. खाली सही आपली असते, आणि "सॉफ्टवेअरने सांगितलं" हा बचाव अमेरिकेच्या कर न्यायालयाने एकाहून अधिक वेळा नाकारलेला आहे. माझ्या त्या हिरव्या खुणांखालीही सही माझीच होती.

इथे आणखी एक गोष्ट सांगायची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या विषयात प्रत्येक योजनेचे दोन भाग असतात : अटी आणि उद्दिष्ट. अटी बाहेरून येतात. उद्दिष्ट आपण सांगायचं असतं. आपण नाही सांगितलं तर मदतनीस स्वतःचं धरून चालतो. करवाला धरतो, की तुम्हाला सर्वांत कमी कर हवा. पदवीवाला धरतो, की तुम्हाला सर्वांत लवकर पदवी हवी.

कोथरूडचं घर आम्ही २०२२मध्येच का विकलं? धाकट्या भावाची शस्त्रक्रिया होती आणि त्याला पैसे हवे होते. एखाद्या सर्वज्ञ मदतनिसाने मला तेव्हा बजावलं असतं, की विक्री पुढे ढकला, मेडिकेअरचे पैसे वाचतील, तरी मी त्याच वर्षी घर विकलं असतं. त्यामुळे वाढलेल्या हप्त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ती किंमत मी डोळे उघडे ठेवून दिली असती. वाईट वाटतं ते त्या वरच्या पायरीचं, कारण नातीला ते पाच हजार जानेवारीत दिले असते तरी चाललं असतं. नियमांपायी पैसे जाणं वाईट नाही. कशासाठी गेले हे माहीत नसणं वाईट.

माझ्या मुंजीची एक आठवण आहे. वडिलांनी पंचांग आधीच पाहून ठेवलं होतं. तिथी, वार, नक्षत्र सगळं त्यांना कळत होतं. तरी ते गुरुजींकडे गेले, आणि मला सोबत नेलं. गुरुजींनी पंचांग उघडलंच नाही. आधी विचारलं, "आजींची तब्येत कशी आहे? मुंबईची मंडळी कुठल्या गाडीने येणार? घरात कुणी अवघडलेली आहे का? कार्यालय मिळतंय का?" मग पंचांग उघडलं आणि वडिलांनी काढलेल्या तीनपैकी दोन तारखांवर काट मारली. त्या तारखांत पंचांगाप्रमाणे काहीच खोट नव्हती.

लक्ष्मीपूजनाचा घोळ आठवतो ना? २०२४ची ती अमावास्या भारतात ३१ ऑक्टोबरच्या दुपारी सुरू होऊन १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. दोन्ही दिवशीच्या प्रदोषकाळाला तिचा स्पर्श, म्हणून तिकडे दोन मतं पडली. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पूजन १ तारखेला झालं, आणि आपल्यातल्याही अनेकांनी पुण्याला फोन करून १ तारीख धरली. पण आपल्या पूर्वेच्या घड्याळाप्रमाणे ती अमावास्या ३१च्या सकाळी सहानंतर लागली आणि १ तारखेला सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपलीसुद्धा. इथे संध्याकाळची अमावास्या एकच होती, ३१ ऑक्टोबरची. वाद तिकडचा होता, आपण तो फुकट आयात केला. "तुम्ही कुठे राहता?" एवढा प्रश्न कुणी विचारला असता तर मिटलं असतं.

तेव्हा मदतनीस वापरू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः रोज वापरतो. ज्यांना इंग्रजी फॉर्मची भीती वाटते, ज्यांना सल्लागाराची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी ही यंत्रं वरदान आहेत. आपल्याकडे येऊन राहिलेल्या कितीतरी आईवडिलांना मी फोनवर मराठीत प्रश्न विचारताना पाहिलं आहे. फक्त तीन सवयी लावून घ्या. एक, प्रश्न विचारताना स्वतःची परिस्थिती सांगा : वय, व्हिसा वा नागरिकत्व, दुसऱ्या देशातली मिळकत. सोशल सिक्युरिटी क्रमांक मात्र कधीही देऊ नका. दोन, उत्तर मिळाल्यावर नेहमी विचारा, "हा आकडा आणखी कोणकोणती कचेरी बघेल, आणि केव्हा?" तीन, नियम कुठे लिहिलाय ते विचारून मूळ सरकारी पान स्वतः वाचा, आणि ते कुठल्या वर्षाचं आहे ते पाहा. मेडिकेअरसाठी प्रत्येक राज्यात शिप नावाची समुपदेशन सेवा आहे. तिथे माणूस बोलतो, पैसे घेत नाही, आणि तुमच्या प्रश्नाआधी स्वतःचे प्रश्न विचारतो.

पण याहून मोठी गोष्ट आपल्याच हातात आहे. आपल्या मंडळात शे-दीडशे कुटुंबं आहेत. वर लिहिलेल्या प्रत्येक खड्ड्यात यांपैकी कुणी ना कुणी पडलेलं आहे, याची मला खात्री आहे. आणि आपण एकमेकांना सांगितलेलं नाही. चारचौघांत पैशाचं बोलायचं नाही, हे आपल्याला बाळकडूच मिळालंय. मुलाच्या पगाराबद्दल आडून आडून बोलतो, दंडाबद्दल अवाक्षर नाही. शिकलेल्या माणसाने फॉर्म चुकवला हे सांगायची लाज वाटते. डॉक्टरेट असली तर जास्तच. ते पत्र आल्यावर सव्वा वर्ष मी कुणाला सांगितलं नाही. मग एका बारशाला एका मित्राजवळ बोललो, तर तो म्हणाला, "अरे, माझंही २०१९ला हेच झालं!" २०२२च्या आधी तीन वर्षं! आमच्या पॉटलकला तो दर महिन्याला माझ्या शेजारी बसून पुरणपोळी खात होता.

म्हणून एक सूचना करतो. संक्रांतीच्या कार्यक्रमात एक तास राखून ठेवावा. कर भरायचा हंगाम त्यानंतरच सुरू होतो, म्हणजे वेळही साधली जाईल. भाषण नको, तज्ज्ञ नको, विमा विकणारा तर नकोच. ज्याला वाटेल त्याने उठून आपली एक चूक सांगावी. रक्कम सांगू नये, नियम सांगावा : काय विचारलं, काय उत्तर मिळालं, आणि कुठल्या कचेरीत ठेचकाळलो. तरुणांनी व्हिसाच्या, कॉलेजच्या, घराच्या कर्जाच्या सांगाव्यात. त्यांना वाटतं तितके ते सुरक्षित नाहीत. कुणीतरी ते सगळं मराठी-इंग्रजीत लिहून काढावं आणि पुढच्या अंकात छापावं.

सुरुवात मी करतो. अडीच हजारांची चूक वर सांगितलीच आहे. नाशिकच्या मुलाची आज पहिल्यांदा सांगतोय. यंदा तिळगूळ हातावर ठेवताना "गोड बोला" म्हणून झालं, की शेजारच्याला हळूच विचारा : बाकी सगळं ठीक ना?